डावा दिवा कोणी घासला?

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं म्हणत नाहीये मी… नाही. या सदरात तुम्ही सगळे आपापले अनुभव लिहिता आणि त्याखाली जी बाई ‘घरातली वायरिंग तपासा’, ‘तुमची झोप पुरी होते का?’ अशा शंका काढत बसते ना, ती मीच. हायस्कूलमध्ये बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, सवय जात नाही. माझ्या त्या शंकांमुळे इथे दोन-तीन जण माझ्यावर कायमचे रुसलेत, हेही मला माहीत आहे. त्यांनी आज मनसोक्त हसून घ्यावं.

कारण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, आमच्याच अंगणात एक गोष्ट घडली आणि ती मला आजपर्यंत समजलेली नाही. अंगावर काटा वगैरे येणार नाही हं, तसलं काही नाही. उलट तो महिना आठवला की मला अजून हसू येतं.

आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या पुलापलीकडे. समुद्र चालत सात-आठ मिनिटांवर. चिऱ्यांचं कंपाउंड, एका कडेला दोन माड, आणि गाडी उभी अंगणात उघड्यावर. घरात माणसं दोनच — मी आणि माझे सासरे, भाऊ. नवरा जहाजावर इंजिनीअर, सहा महिने पाण्यावर. मुलगी पुण्याला शिकायला. आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे, त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

गाडी आईंची. बावन्नाव्या वर्षी बाईंनी ड्रायव्हिंग शिकून ही छोटी पांढरी गाडी घेतली. उंची पाच फुटांच्या आतच, त्यामुळे सीटवर उशी घेऊन बसायच्या. समोरून बघणाऱ्याला स्टिअरिंग आणि त्याच्यावर एक अंबाडा एवढंच दिसायचं. भाऊंनी आयुष्यभर मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात मशीन चालवलं, पण गाडी कधी शिकले नाहीत. ते डाव्या बाजूला पानाचा डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि “हॉर्न मार, हॉर्न मार” करायचे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, लग्नाच्या वाढदिवसाला, दोघं याच गाडीने जयगडला जायचे, गाडी फेरीबोटीवर चढवायची, पलीकडे तवसाळला उतरायचं आणि तिथून हेदवीच्या गणपतीला. तेरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. आई गेल्यावर पहिल्या वर्षी भाऊंना मी घेऊन गेले. दुसऱ्या वर्षीही.

आता आईंबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई चांगल्या होत्या. मला एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. पण मी केलेलं काम त्या परत करायच्या. मी भांडी घासली की दहा मिनिटांनी त्यातलीच दोन-चार उचलून त्या पुन्हा घासायच्या. मी घडी घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी. रविवारी मी गाडी धुतली की त्या गाऊनवर टॉवेल टाकून बाहेर यायच्या, गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आणि म्हणायच्या, “ऱ्हाऊंदे गो स्मिता, तू दमलीस. मी बघते जरा.” झालं! पुन्हा बादली, पुन्हा फडकं, आणि शेवटी बादली पालथी. आणि वाईट म्हणजे त्यांनी केलेलं खरंच जास्त चांगलं असायचं. वीस वर्षं मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. मनात म्हणायचे, एकदा तरी, एकदा तरी या बाईने माझ्या कामाला हात न लावता पुढे जावं.

तर, गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली आणि ती आरटीओत पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली. ठाण्याहून माझ्या दिराचा, सुधीरचा फोन. “वहिनी, कशाला त्या डबड्याच्या मागे लागतेस? भंगारात दे. भाऊंना मी इकडे घेऊन येतो, हेदवीला जायचंच तर भाड्याची गाडी करू.” तो मनापासून बोलत होता, वाईट हेतू नव्हता. पण फोन स्पीकरवर होता आणि भाऊ समोर भाकरी मोडत बसले होते. त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवसापासून ते पडवीत बसेनात. पडवीतून गाडी दिसते ना. आठ दिवस माणूस मागच्या दारी बसून होता.

माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी बघितली. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. “पण मॅडम, दिवे बघा की. गाडीला मोतीबिंदू झालाय.” खरंच होतं. खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने पुढचे दोन्ही हेडलाईट इतके पिवळट, धुरकट झाले होते की आत बल्ब आहे की नाही ते कळेना. या दिव्यांवर पासिंग होणार नाही, असं तो म्हणाला. त्या मॉडेलचे नवीन दिवे मिळायला महिना लागेल, आणि तपासणीची तारीख होती चार दिवसांवर. त्यानेच सांगितलं, घरी करा, पॉलिश पेपर आणून घासा, सोपं आहे.

सोपं! पण मी ठरवलं, आपला हात जगन्नाथ. भाऊंसाठी ही गाडी पास करायचीच.

पहिल्या दिवशी शहाणपणा केला. शेजारच्या मालतीकाकी म्हणाल्या, “खोबरेल लाव गो, काचेसारखं व्हतंय.” लावलं. आणि खरंच, पाच मिनिटांत दोन्ही दिवे चकचकीत! भाऊंना हाक मारून दाखवले. ते मागच्या दाराने फेरी घालून आले, बघून मान हलवली, पुन्हा मागे गेले. मी खुशीत गाडी घेऊन बाजारात एक चक्कर मारून आले. रस्त्याचं काम चालू होतं… परत आले तेव्हा दोन्ही दिव्यांवर तांबड्या मातीचा हा जाड थर! तेलावर सगळी धूळ बसलेली. ते साबणाने काढता काढता माझा अर्धा जीव गेला, आणि दिवे खाली होते तसेच पिवळे. कोकणात कुठल्याही दुखण्यावर खोबरेल लावायची आपली जी खोड आहे ना, ती गाडीच्या बाबतीत तरी सोडा, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी रीतसर कामाला लागले. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. दिवा आधी स्वच्छ धुवायचा. भोवतीच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेने चिकटपट्टी लावायची. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन घासायचं, आधी आठशे नंबरचा खरखरीत, मग हजार, मग दीड हजार, शेवटी दोन हजारचा, जो हाताला जवळजवळ कापडासारखा लागतो. सतत पाणी सोडत राहायचं. मग पॉलिश चोळायचं आणि सगळ्यात शेवटी उन्हापासून वाचवणारा स्प्रे मारायचा. तो फार महत्त्वाचा. तो नसेल तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं, कारण वरचा मूळ थर आपण घासून काढलेला असतो.

मी उजव्या दिव्यापासून सुरुवात केली. सकाळी साडेनऊला. आठशेचा पेपर फिरवल्यावर दिव्याचं दूध झालं, आधी निदान नुसता पिवळा होता, आता पांढराफटक. वाटलं, हात दाखवून अवलक्षण! पण नेटाने घासत राहिले. एक वाजता उजवा दिवा झाला. बरा झाला. म्हणजे… आरपार दिसायला लागलं, पण बॉनेटकडच्या कोपऱ्यात धूसर राहिला आणि मध्ये बारीक गोल गोल रेघा. स्प्रे मारला आणि मनात म्हटलं, चालतंय.

आता डावा. तर दोन हजार नंबरचा पेपर संपलेला. एकच मिळाला होता, आणि तो उजव्यावर घासून पार फाटला होता. दुकान चारशिवाय उघडणार नाही. रत्नागिरीत दुपारी एक ते चार दुकानात माणूस शोधायचा म्हणजे समुद्रात सुई शोधायची. सगळं तसंच टाकलं. दुधाळ पाण्याची बादली, पेपरचे तुकडे, फडकी, सगळं डाव्या दिव्याच्या पुढ्यात पसरलेलं. आमटी-भात जेवलो. भाऊ आतल्या खोलीत झोपले आणि घोरायला लागले. गेट आतून कडी लावलेलं होतं. मी माजघरात चटईवर पडले तेव्हा पावणेदोन वाजले होते. घड्याळ मी बघितलं, कारण चारला दुकान गाठायचं होतं.

सव्वातीनला उठले. चहाचं आधण ठेवलं आणि दार उघडून बाहेर आले.

डावा दिवा लख्ख होता.

बरा वगैरे नाही. लख्ख. नवीन गाडीचा असतो तसा. कोपऱ्यात धूसरपणा नाही, एक रेघ नाही. आतल्या बल्बवरची अक्षरं वाचता येत होती. डाव्या बाजूला चिकटपट्टी मी लावलीच नव्हती, तरी भोवतीच्या रंगावर एक ओरखडा नाही. पेपरचे तुकडे धुऊन, नंबरवारी, चिऱ्यावर वाळत घातलेले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. फडकी पिळून दोरीवर. बादलीतलं पाणी माडाच्या मुळाशी ओतलेलं आणि बादली पालथी.

आता खरं सांगते. मला भीती नाही वाटली. आश्चर्यसुद्धा नंतर वाटलं. मला पहिल्यांदा काय आला असेल तर राग! असा सणकून राग आला की कान गरम झाले. मी सकाळपासून कंबर मोडून घासतेय, माझं निम्मं काम राहिलंय, आणि मला न सांगता, न विचारता, मी जरा पाठ टेकली तेवढ्यात…

आणि तिथेच मी थांबले. कारण तो राग माझ्या फार ओळखीचा होता. वीस वर्षं तो एकाच माणसावर येत होता. दोन वर्षांत एकदाही आला नव्हता.

मी अंगणात मटकन बसले आणि रडायला लागले. आणि रडता रडता हसायला. आत आधण उकळून आटून गेलं.

भाऊ आवाज ऐकून बाहेर आले. “काय झालं गो? विंचू-बिंचू चावला काय?”

मी नुसतं बोट दाखवलं. ते गाडीपाशी गेले, वाकले, डाव्या दिव्यावर हात फिरवला. मग उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर.

“ह्यो तू केलास?”

“उजवा मी केला.”

“आणि ह्यो?”

“भाऊ, तुम्ही नाही ना हात लावलात? खरं सांगा.”

“मी? माझ्याच्यान चहाचा कप धड धुवत नाय.” त्यांचा उजवा खांदा धरलेला असतो, हात छातीच्या वर जात नाही, हे मलाही माहीत होतं. तरी विचारलं. त्यांनी पालथ्या बादलीकडे बघितलं. आणि मग खो खो हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, “तरी मी म्हणतंय, दोन वर्षं गप कशी ऱ्हायली!”

मी तशी सोडणारी नाही. संध्याकाळपर्यंत चौकशी केली. मेकॅनिक दिवसभर गॅरेजमध्ये, त्याच्याकडे तीन माणसं साक्षीला. मालतीकाकींकडे गेले तर त्या मलाच ओरडल्या. “काय गो, अडीच वाजता उन्हात कसली घासतंस? मी खिडकीतून हाक मारली तर वळून पण बघितलं नाय. ऊन लागेल म्हणून सांगणार व्हते.”

“मी? काकी, मी झोपले होते.”

“मग काय मी खोटं बोलतंय? वाकून घासत व्हतीस. गाऊनवर टॉवेल घेतलेला.”

मी त्या दिवशी पंजाबी ड्रेसमध्ये होते. गाऊन मी घालतच नाही. आता काकींना चष्म्याशिवाय समोरचा माड आणि विजेचा खांब सारखाच दिसतो, हेही नोंदवून ठेवते. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. एवढ्या प्रेमळ बाईला उगाच कशाला ताप आणायचा.

मग तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या जागी मी असते तर मीच म्हटलं असतं, की बाई, उन्हाचा तडाखा होता, तूच उठून झोपेत घासलंस. मी हाही विचार केलाय. एक तर दोन हजारचा पेपर घरात नव्हता. चिऱ्यावर वाळत घातलेल्या तुकड्यांत फक्त आठशे, हजार आणि दीड हजार होते, आणि दीड हजारवर तो दिवा तसा होऊच शकत नाही. दुसरं म्हणजे, मी जागेपणी जे काम एवढं बरं करू शकले नाही, ते झोपेत कसं करीन? आणि तिसरं… मी आयुष्यात कधी बादली पालथी घातलेली नाही. डासांवर वर्गात पाठ घेते आणि घरी विसरते.

तपासणीला गाडी मीच घेऊन गेले. साहेबांनी सगळं बघितलं, दिवे लावायला सांगितले, पुढे जाऊन वाकून बघितलं. “उजवा घरी घासलात वाटतं?”

“हो.”

“बरा केलाय. आणि डावा नवीन टाकलात?”

“हो,” मी म्हटलं. मग म्हटलं, “म्हणजे नाही…” त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. गाडी पास!

घरी आले तर भाऊ पडवीत खुर्ची टाकून बसलेले. मी गेटमधूनच हॉर्न मारला, लांबलचक. त्यांनी सुधीरला फोन लावला आणि मी ऐकत असताना एवढंच म्हणाले, “गाडी पास झालीय. मी हितंच हाय. हेदवीला येणार असलास तर ये, मागची सीट मोकळी हाय.” आणि तो आला हो! बायकोला, पोरांना घेऊन आला. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जयगडला गेलो. फेरीबोटीवर गाडी चढवताना भाऊ “हॉर्न मार, हॉर्न मार” करत होते, बोटीवरचा माणूस “मारू नका” म्हणत होता, आणि मागे पोरं आंबापोळ्या खात होती. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर सुधीर गाडीपुढे उकिडवा बसून दिवे बघत होता. “वहिनी, दोन्हींत फरक का दिसतोय?” मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी माझ्याकडे. “तुझ्या आईला विचार,” भाऊ म्हणाले, आणि पान लावायला लागले. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

आता या गोष्टीला वर्ष झालं. उजवा दिवा, ज्यावर मी रीतसर स्प्रे मारला होता, तो कडेने पुन्हा पिवळा पडला. डाव्यावर स्प्रे नाही. मी मुद्दाम मारला नाही, आधी हिंमत झाली नाही आणि मग बघूया म्हटलं. वर्षभर तेच ऊन, तोच खारा वारा. विज्ञानाने सांगायचं तर तो चार-पाच महिन्यांत पिवळा पडायलाच हवा होता. पडला नाही. आजही तसाच आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणाकडे असलं तर जरूर लिहा, मी वायरिंग तपासलेली आहे.

आणि एक कबुली. गेल्या रविवारी उजव्यासाठी मी नवे पेपर आणले. दोन हजारचे तीन. दुपारी सगळं सामान दिव्यापुढे मांडलं, पाणी भरून ठेवलं आणि आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच म्हटलं, “आई, मला नाही जमत हो हे. तुम्ही बघता का जरा?” वीस वर्षांत त्यांना हे वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं. मग आत जाऊन चटईवर पडले. झोप कसली येते! डोळे मिटून दीड तास कान देऊन पडून राहिले.

बाहेर आले तर सगळं जसंच्या तसं. पेपर कोरे. पाण्यात माडाचं एक फूल पडलेलं.

मग मीच बसले घासायला. घाई केली नाही. कोपरा सोडला नाही. अडीच तास लागले. भाऊ खुर्ची घेऊन शेजारी बसले होते, जुन्या गोष्टी सांगत. उजवा चांगला झालाय, गेल्या वेळेपेक्षा पुष्कळच चांगला. डाव्याइतका नाही. आणि खरं सांगू? तसा झाला असता, तर मलाच वाईट वाटलं असतं.